निसर्ग कोणाचा, बालपण कोणाचं?

राजगुरुनगरला राहणारे एक निवृत्त मराठीचे शिक्षक आणि त्यांची भाची यांच्यातला हा संवाद. भाची चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि चाकणजवळच्याच एका गावात राहते. तिची मुलगी चौथीत शिकते. शाळेत पावसाळी कवितांचा कार्यक्रम ठरला, मामांनी पाठांतरासाठी बालकवींची ‘औदुंबर’ सुचवली, आणि भाचीने नकार दिला. तिथून सुरू झालेलं बोलणं एका कवितेपुरतं राहिलं नाही. निसर्ग, बालपण आणि पावित्र्य ही तीन नावं रोमँटिक कवितेने एका सुतात ओवली. ते सूत आज आपल्या खेड तालुक्यात कुठे तुटलं आहे आणि कुठे अजून धरून आहे, हे या दोघांच्या वादात मला स्वच्छ दिसलं, म्हणून तो लिहून काढला.

मामा : नकार दिलास, हरकत नाही. पण कारण सांग. आठ ओळींची कविता आहे. पोरीला एका संध्याकाळी पाठ होईल.

भाची : पाठ होईल हो. पण त्यातलं तिने पाहिलंय काय? आमच्या खिडकीतून पत्र्याच्या शेड दिसतात आणि रात्रभर कंटेनरचे दिवे. तिला झरा, कुरण, टेकडीपलीकडची वस्ती असं शिकवायचं म्हणजे जे तिच्या वाट्याला आलं नाही, त्याच्यासाठी तिला हळहळायला लावायचं. बालकवींनी त्यांच्या काळातलं लिहिलं. आमच्या पोरांनी ते का घोकायचं?

मामा : बालकवींच्या वाट्याला तरी ते आलं होतं, असं तुला वाटतं? त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९० सालचा, धरणगावचा. वडील पोलीस खात्यात, म्हणजे सतत बदल्या. खानदेशातल्या एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलायचं. घरी पैशाची ओढाताण. १९०७ मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, तिथे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. पुढे अकराच वर्षं मिळाली त्याला. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली गेला. ज्याचं बालपण स्थिर, सुखवस्तू होतं, अशा माणसाची ही कविता नाही. ‘आनंदी आनंद’ लिहिणाऱ्यानेच ‘पारवा’ लिहिली, हे विसरू नकोस.

भाची : ते अध्यक्ष कोण होते?

मामा : डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, आणि मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बामनदास बसूंचा ग्रंथ १९१८ मध्येच बाहेर पडला, बालकवी गेले त्याच वर्षी. म्हणजे फुलांचं शास्त्र जाणणाऱ्या माणसाने फुलांशी बोलणाऱ्या पोराला नाव दिलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पाकळ्या मोजणं आणि फुलाला राणी म्हणणं, ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, हे त्या माणसाला कळलं होतं.

भाची : हे चांगलंच आहे. पण माझा मुद्दा तुम्ही बाजूला ठेवताय. झाड पाहून हरखून जायला सवड लागते, आणि सवड सगळ्यांना सारखी मिळत नाही. वर्ड्‌स्वर्थचं तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. मूल देवाघरचा उजेड घेऊन येतं आणि मोठं होता होता तो मावळतो, असं म्हणणारी त्यांची कविता १८०७ ची. त्याच देशात त्याच काळात लंडनच्या धुराड्यांतून पाच-सहा वर्षांची पोरं काजळी काढत होती. १७८८ मध्ये कायदा झाला, आठ वर्षांच्या आतल्या मुलाला या कामाला लावायचं नाही म्हणून, आणि तो पाळला गेला नाही. त्या पोरांचा उजेड कोणी मावळवला? वय वाढल्याने मावळला का?

मामा : हे विचारणारा कवीही त्याच रोमँटिक घरातला आहे. विल्यम ब्लेकने १७८९ च्या संग्रहात धुराडी झाडणाऱ्या पोरावर कविता लिहिली, आणि १७९४ मध्ये त्याच विषयावर दुसरी. पहिल्यात पोर स्वप्नात देवदूत पाहतं. दुसऱ्यात तसंच एक पोर सांगतं की आईबाप प्रार्थनेला गेलेत आणि मी इथे बर्फात काळा होऊन उभा आहे. म्हणजे बालपण पवित्र आहे, असं म्हटलं की ते विटाळणाऱ्याला जाब विचारणं आलंच. मूल पवित्र नसेल तर त्याला धुराड्यात घालण्यात अन्याय तो काय? ती नुसती स्वस्त मजुरी ठरेल.

भाची : ब्लेक मला चालतो. वर्ड्‌स्वर्थ खटकतो. १८४४ मध्ये त्यांच्या सरोवरांच्या मुलखात रेल्वे यायची ठरली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राला पत्रं लिहून विरोध केला. गिरण्यांतल्या कामगारांना गाड्या भरभरून तिथे आणून त्यांचं काही भलं होणार नाही, अशी भूमिका. म्हणजे निसर्ग आत्म्याला शुद्ध करतो, पण कामगाराच्या आत्म्याला आधी शिक्षण हवं, मग तिकीट. असला निसर्ग मला नको.

मामा : ती भूमिका मलाही मान्य नाही. पण त्याच माणसाने त्याआधी लिहून ठेवलं होतं की हा मुलूख ज्याला डोळे आणि मन आहे अशा प्रत्येकाचा आहे, तो एक प्रकारे देशाच्या मालकीचा आहे. पुढच्या पिढीने त्याच्या तोंडचं हे वाक्य धरलं आणि रेल्वेवरचं सोडून दिलं. १८९५ मध्ये इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट निघाला, १९५१ मध्ये तो सगळा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला, कामगारांसकट सगळ्यांना खुला. कविता कवीपेक्षा लांब चालते, ती अशी.

भाची : इंग्लंडचं राहू द्या, खेडला या. ‘औदुंबर’ मी कित्येकदा वाचलीय. बेटाबेटांमधून वाहणारा झरा. पलीकडे काही घरांची वस्ती. शेतांची दाटी. त्यातून वाकडीतिकडी जाणारी पांढरी पायवाट, ती काळ्या डोहाशी पोचते. आणि शेवटी ते झाड. सगळ्या चित्रात माणूस एकही नाही. पायवाट पांढरी झाली कशाने? रोज कोणाचे तरी पाय पडले म्हणून. डोहाकडेच का जाते? कोणाला तरी पाणी आणावं लागतं म्हणून. त्या बायका कवितेतून गेल्या कुठे?

मामा : गेल्या नाहीत. पायवाटेत आहेत. कवीने माणूस काढला नाही, माणसाचा वावर ठेवला. आणि शेवटचं झाड नीट बघ. पाय पाण्यात सोडून बसलंय. असं कोण बसतं? शाळा सुटल्यावर नदीवर गेलेलं पोर बसतं. आणि दुसरं कोण बसतं? काठावरचा बैरागी. बरं, झाड कुठलं? औदुंबर. कवीने दत्ताचं नाव घेतलेलं नाही, पण मराठी माणसाला ते ऐकू येतंच. मूल, झाड आणि देव एका आकारात बसवलेत, तेही कुठलंही स्तोत्र न गाता. आणि खाली पाणी काळं आहे. आनंदाच्या तळाशी काय असतं, ते या पोराला ठाऊक होतं. मी वर्गात इतकी वर्षं ही कविता शिकवली, ती या शेवटच्या बैठकीसाठी.

भाची : तुम्ही सांगता तेव्हा अंगावर येते, हे खरं. पण मग ‘श्रावणमास’ घ्या. ऊन-पाऊस, इंद्रधनुष्य, बगळ्यांची रांग, आणि शेवटी देवदर्शनाला निघालेल्या बायका. श्रावण त्यांच्या चेहऱ्यावर वाचावा, असं कवी म्हणतो. सुंदर आहे. पण ते देऊळ तेव्हा कोणाला उघडं होतं? नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर उघडायला १९४७ उजाडलं. म्हणजे निसर्ग वाहत वाहत देवळापर्यंत येतो आणि उंबऱ्यावर निम्मा गाव बाहेर राहतो.

मामा : पंढरपूरसाठी उपोषण कोणी केलं?

भाची : साने गुरुजींनी.

मामा : ‘श्यामची आई’ कोणी लिहिली? १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. कोकणातलं बालपण, आई, झाडं, पाखरं, देवाधर्माच्या गोष्टी. पोरी, ज्या माणसाने मराठीत बालपण सर्वांत पवित्र मानलं, तोच त्या दारासाठी प्राण पणाला लावून बसला. हे दोन वेगळे साने गुरुजी नव्हेत. फुलाला पाय लागू नये म्हणून जपायला शिकलेलं मन माणसाला दारात अडवलेलं सोसू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. आधी पोराला हरखू द्या. ज्याच्यावर जीव जडलाय, त्याच्यासाठीच ते पुढे भांडेल.

भाची : आणि माझं म्हणणं, काही पोरांना हरखायच्या आधीच भांडावं लागतं. तुमच्या-माझ्या तालुक्यातलाच कवी सांगते. नामदेव ढसाळ. जन्म १५ फेब्रुवारी १९४९, पूर-कानेरसरचा. तुमच्या राजगुरुनगरपासून लांब नाही ते. यमाईच्या यात्रेला सगळा तालुका कानेरसरला जातो, पण त्यातल्या कितींना ठाऊक असतं की ‘गोलपिठा’ लिहिणारा इथला? लहानपणीच बापाच्या मागे मुंबईला गेला. बाप खाटिकाच्या दुकानात कामाला, घर कामाठीपुऱ्याच्या बाजूला. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आला, तेव्हा मराठी कवितेला कळलं की बालपण असंही असतं. त्यात ना कुरण, ना झरा. त्या पोराच्या वाट्याचा औदुंबर कुठे होता?

मामा : ढसाळ मी वाचलाय. वर्गात शिकवायला धजलो नाही, पण घरी वाचलाय, आणि मोठा कवी मानतो. विजय तेंडुलकरांची प्रस्तावनाही वाचली. पण ‘गोलपिठा’ नीट वाच. इतक्या शिव्याशाप, इतकी मोडतोड, ती कशासाठी? काहीतरी अतोनात पवित्र होतं आणि ते तुडवलं गेलं, याचा तो संताप आहे. ज्याला पावित्र्याची जाणीवच नाही, त्याला एवढा राग येत नाही.

भाची : हे मी मानते. पण त्याने पावित्र्य झाडात शोधलं नाही, माणसात शोधलं. नारायण सुर्व्यांनीही तेच केलं. रस्त्यावर टाकून दिलेलं मूल, गिरणीकामगार गंगाराम सुर्व्यांनी घरी नेलं, वाढवलं. त्यांचं विद्यापीठ म्हणजे गिरणी, फुटपाथ, मोर्चा. माझ्या कंपनीत कामाला येणाऱ्यांची पोरं खराबवाडीच्या, म्हाळुंगेच्या खोल्यांतून वाढतात. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची, ओडिशाची. आईबाप दोघंही शिफ्टला. एका रांगेत दहा खोल्या, पुढे दोन हातांची गटार, पलीकडे दुसरी रांग. तिथलं एखादं पोर दुपारी काय करतं, पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय. एका मुलीने दुधाच्या पिशवीत माती भरून तिच्यात मेथीचे दाणे टाकले होते. रोज नळाला पाणी आलं की पहिलं ओंजळभर त्या पिशवीला. कोंब आले तेव्हा शेजारच्या सगळ्या पोरांना बोलावून तिने दाखवले, आणि हात लावू दिला नाही कोणाला.

मामा : हात लावू दिला नाही?

भाची : नाही. म्हणाली, झोपलंय ते.

मामा : मग तू माझीच बाजू मांडतेयस. ती पोर ‘फुलराणी’च लिहितेय. तिला बालकवी कोणी शिकवला नाही, वर्ड्‌स्वर्थ तर नाहीच. मुलाला जे जिवंत वाटतं, त्याच्याभोवती ते आपणहून मर्यादा आखतं. पावित्र्य दुसरं असतं काय? केशवसुतांनी परमानंदाच्या अवस्थेला नाव द्यायचं होतं, तर उपनिषदातला शब्द न शोधता पोरींच्या फेर धरून खेळायच्या खेळातलं ‘झपूर्झा’ उचललं. इंग्रजी कविता कोळून प्यायलेला शिक्षक होता तो, पण ही गोष्ट त्याला अंगणात सापडली.

भाची : अंगणात. माझा सगळा मुद्दा त्या एका शब्दात आलाय, मामा. त्या पोरीला अंगण नाहीये. दुधाची पिशवी आहे. तिच्यात हरखण्याची ताकद आहे म्हणून तिला जागेची गरज नाही, असं आपण म्हणायला लागलो की संपलं. कवितेचं कौतुक करून आपण मोकळे, आणि पोर पुन्हा गटारीच्या कडेला.

मामा : असं मी कधी म्हणणार नाही.

भाची : तुम्ही नाही, पण समाज म्हणतो. बरं, आता पावित्र्याचं बोलू. आपल्या तालुक्यासारखं पावित्र्य कुठे सापडेल? पश्चिमेला भीमाशंकर, तिथून भीमा निघते आणि तुमच्या गावावरून जाते. दक्षिणेला आळंदी. चाकणच्या पलीकडे भामचंद्र डोंगर, जिथे तुकोबा चिंतनाला बसत. तीन बाजूंनी देव. आणि मधे काय? इंद्रायणीवर फेस. वारीच्या दिवसांत लोक त्या फेसातच उतरतात. भामचंद्राच्या पायथ्याला औद्योगिक वसाहतीचा दुसरा टप्पा. नदी पवित्र आहे असं म्हटल्याने नदीचं काय भलं झालं? उलट, पवित्र आहे म्हणजे ती घाण होऊच शकत नाही, असं मानून लोक तिच्यात वाटेल ते सोडतात.

मामा : कारण आपण पावित्र्याचा अर्धाच भाग ठेवला. पूजा ठेवली, मर्यादा सोडली. भीमाशंकरकडच्या देवराया आठव. आहुप्याची देवराई आठव. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या माणसांना पहिल्यांदा कळलं की डोंगरातल्या लोकांनी देवाच्या नावावर जंगलाचे तुकडे जसेच्या तसे राखलेत. तिथे कुऱ्हाड चालत नाही. कित्येक ठिकाणी पडलेलं वाळकं लाकूडही उचलत नाहीत. म्हणून तिथे शेकरू आहे. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं. मधलं एक मोठं झाड गेलं की त्याची वाट तुटते. राज्याचा प्राणी म्हणून आपण त्याला मिरवतो, पण त्याला लागतं ते सलग रान, आणि ते रान देवाच्या धाकाने राहिलं. पावसाळ्यात त्याच रानात रात्री बुरशी चढलेली लाकडं हिरवट उजळतात. अंधारात हात समोर धरला तर बोटं दिसत नाहीत, आणि पायाशी ओंडका मात्र चमकत असतो. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा बडबडी पोरंसुद्धा कुजबुजत बोलायला लागली. त्यांना गप्प बसा असं सांगावं लागलं नाही.

भाची : देवराईबद्दल माझा वाद नाही. पण ती राखली कोणी? महादेव कोळ्यांनी. आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा लाकूडफाटा, हिरडा, गुरं चारणं, सगळ्यावर बंधनं कोणावर आली? त्यांच्यावरच. आता शनिवार-रविवारी मोटारीने येणारे पाहुणे तिथे निसर्ग बघायला जातात. इथेही तोच वर्ड्‌स्वर्थचा घोळ. ज्याने राखलं तो संशयित, ज्याने पाहिलं तो निसर्गप्रेमी.

मामा : बरोबर बोललीस. बहिणाबाई मला म्हणूनच बालकवींच्या शेजारी ठेवावीशी वाटते. दोघंही आजच्या जळगाव जिल्ह्यातली. तो १८९० चा, ती १८८० ची. त्याने रान पाहिलं, तिने रान कसलं. जात्यावर दळता दळता, शेतात राबता राबता तिने ओव्या रचल्या. लिहितावाचता येत नव्हतं. ती गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. तिच्या कवितेत देव आहे तो मातीत रुजणाऱ्या दाण्यात. तू म्हणतेस ते श्रम तिच्यात आहेत, आणि मी म्हणतो ते हरखणंही आहे.

भाची : माझ्या मुलीला बहिणाबाई चालेल.

मामा : चालेल ना. पण मला अजून एक सांगायचंय. बालकवी काही काळ नगरला रेव्हरंड टिळकांकडे राहिले. नारायण वामन टिळक, ज्यांना लोक फुलामुलांचे कवी म्हणतात. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, म्हणून जातीने वाळीत टाकलेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त या ठोमरे नावाच्या पोराच्या आठवणी आहेत. म्हणजे मराठीतली निसर्गाची, मुलांची आणि देवाची जी कविता आपण कोवळी समजतो, ती बहिष्कृत घराच्या ओसरीवर वाढली.

भाची : थांबा. बहिष्कृत घर. मग आळंदीचं काय?

मामा : आळंदीचं काय?

भाची : मराठीतलं सगळ्यांत पवित्र बालपण कोणाचं? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. चौघंही संन्याशाची पोरं म्हणून गावाबाहेर टाकलेली. आईबाप गेलेले. ज्ञानदेवांनी समाधी घेतली १२९६ मध्ये, कोवळ्या वयात. मुक्ताई सगळ्यांत धाकटी, आणि रुसून ताटी लावून बसलेल्या भावाची समजूत घालणारी तीच. तुकोबा भामचंद्रावर गेले ते कशानंतर? दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, त्यानंतर. झाडावेलींना नातलग म्हणणारा अभंग घर रिकामं झालेल्या माणसाचा आहे. म्हणजे इथे कोणीही सुखात बसून निसर्ग पवित्र म्हटलेला नाही. ज्यांना माणसांनी बाहेर ठेवलं, किंवा ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी झाडाशी आणि नदीशी नातं जोडलं. आणि तसं असेल तर ढसाळ या रांगेबाहेरचे नाहीत. याच तालुक्यातले, याच रांगेतले.

मामा : वर्ड्‌स्वर्थची आई तो आठ वर्षांचा व्हायच्या आधीच गेली, वडील तो तेरा वर्षांचा असताना.

भाची : मग आपण मुलांना हे का सांगत नाही? आपण शिकवतो की बालपण गोड होतं, निसर्ग सुंदर होता, देव जवळ होता, आणि आता सगळं गेलं. हे खोटं आहे. त्या कवींचं बालपण गोड नव्हतंच. जे हवं होतं आणि मिळालं नाही, त्याचा हक्क त्यांनी कवितेत लिहून ठेवला.

मामा : हक्क हा शब्द मी वापरला नसता. मला तो कोर्टातला वाटतो. देणं म्हणेन मी. मुलाला आपण देणं लागतो : थोडी माती, थोडं वाहतं पाणी, आणि कोणी घाई करणार नाही अशी दुपार. पण तुझं म्हणणं मला पटतं. आता माझं ऐक. तू म्हणालीस, पावित्र्याने देवळाचं दार बंद केलं. मी म्हणालो, पावित्र्याने देवराई राखली. दोन्ही खरंच आहे. देवाच्या नावाने आपण दोन कुंपणं घातली. एक झाडाभोवती, माणसाच्या हावेपासून झाड वाचावं म्हणून. दुसरं पाणवठ्याभोवती आणि देवळाभोवती, माणसाला माणसापासून तोडायला. गेल्या शंभर वर्षांत आपण दुसरं पाडायला निघालो, ते पुरतं पडलेलं नाही, आणि त्या गडबडीत पहिलं मात्र भुईसपाट केलं. आज खेड तालुक्यात जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलतात. ज्याला भाव नाही असं काही असतं, हे पोरांना सांगणार कोण? देवराईतला देव सांगत होता. आता कविता सांगू शकते. म्हणून मी हट्ट धरतो.

भाची : पहिलं कुंपण पुन्हा घालायचं, पण ज्यांनी ते आजवर राखलं त्यांना आत ठेवून.

मामा : अर्थात. आणि खराबवाडीच्या खोल्यांतल्या पोरांनाही आत घेऊन.

भाची : मग आपल्यात वाद उरला कुठे?

मामा : क्रमाचा उरलाय. मी म्हणतो, आधी औदुंबर. पोरीला ती काळ्या पाण्यात पाय सोडून बसलेली शांतता एकदा मिळू दे. तू तिला आधी अन्याय दाखवायला निघालीस, तर ती चिडेल, पण कशासाठी चिडायचं ते तिला कळणार नाही.

भाची : आणि मी म्हणते, दोन्ही एकाच वेळी. पायवाट दाखवायची आणि ती कोणाच्या पायांनी पांढरी झाली, तेही दाखवायचं. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं, मामा. आपण तिला फार कोवळी समजतो. ती पिशवीत मेथी लावणारी पोर तिच्याच वयाची आहे, आणि पाणी कधी येतं, किती येतं, आधी कोण भरतं, हे सगळं तिला पाठ आहे.

मामा : यावर आपलं एकमत होणार नाही.

भाची : नको होऊ दे. ‘औदुंबर’ तिला तुम्हीच शिकवा, तुमच्या पद्धतीने. कानेरसरला मी घेऊन जाईन आणि तिथे जन्मलेल्या कवीबद्दल तिला समजेल तेवढं सांगेन. पण मला तुमच्याकडून एक काम हवंय. १५ ऑगस्टला आमच्या गावची ग्रामसभा आहे. गावाला थोडं गायरान उरलंय, आणि त्यावर कशाकशाची मागणी चालू आहे. त्यातला एक तुकडा मुलांसाठी मोकळा ठेवावा, झाडं लावावीत, आणि गावच्या व खोल्यांतल्या सगळ्या पोरांना तो सारखा खुला असावा, असा ठराव मी मांडणार आहे. भाड्याने राहणाऱ्यांपैकी ज्यांची नावं गावच्या मतदारयादीत नाहीत, त्यांना तिथे मत नाही, म्हणून त्यांच्या पोरांसाठी बोलणारं कोणी हवं. माझं बोलणं लोक मोजमापाचं म्हणून ऐकतील : इतके गुंठे, इतकी झाडं. हे का करायचं, ते मात्र तुम्ही सांगा.

मामा : मी काय सांगणार? मी कविता शिकवणारा माणूस.

भाची : तेच सांगा. गावातले निम्मे लोक तुमचे विद्यार्थी आहेत. त्यांनी ‘श्रावणमास’ तुमच्याकडून पाठ केलीय. त्यांना विचारा, तुमच्या पोरांनी ती कुठे उभं राहून म्हणायची?

मामा : येतो. आणि मी त्यांना म्हणेन, ही जागा देवाला सोडली असं समजा, म्हणजे कोणी विकणार नाही.

भाची : आणि मी त्यापुढे ठरावात लिहून घेईन की तिथे कोणालाही मनाई नाही.